दोन झाकणं तेल

वरच्या तळ्याचं पाणी गुडघ्याखाली उतरलं आणि थोरल्याची दाढ सुजली, या दोन गोष्टी एकाच आठवड्यात झाल्या. थोरल्याने दोन्हींचं खापर धाकट्याच्या भट्टीवर फोडलं. पाण्यापुरतं त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं.

घर एक, चूल एक, धंदे दोन. थोरल्याकडे मासे, धाकट्याकडे तेल. घरामागे चढावर वरचं तळं होतं, त्यात आयाबाया राहत. आयाबाया म्हणजे अंड्यांवर येणाऱ्या मोठ्या माद्या, एकेक कडेवर घेतलेल्या पोराएवढी. त्यांची अंडी फुटली की पाण्यात जिरे सांडल्यासारखी पिल्लं दिसायची, ती बोटाएवढी झाली की तळीवाले येऊन घेऊन जायचे, आणि त्यावर हे घर जेवायचं. उताराला खालचं तळं, खोल आणि गार. दोन्हींच्या मध्ये पत्र्याच्या छपराखाली धाकट्याची भट्टी. बांधावर आणि पलीकडच्या पडीक तुकड्यात लवंगी लावलेली. कमरेइतकं झुडूप, पान चोळलं की हाताला लवंगेचा वास लागतो आणि जेवेपर्यंत जात नाही. ते पान तांब्याच्या हंड्यात कोंबायचं, खालून जाळ घालायचा, वाफ नळीने गार पाण्याच्या पिंपातून फिरवायची, आणि पलीकडे बरणीत ठिबकेल त्यातलं तेल वेगळं काढायचं. पिंपातलं पाणी सतत गार लागतं, म्हणून खालच्या तळ्यातून पंपाने ते वर यायचं आणि तापून चराने परत जायचं.

या तेलाला मासे झोपतात. मोठा मासा जागेपणी उचलणं म्हणजे ओल्या साबणाशी कुस्ती. त्यात त्याचे खवले निघतात, आपल्या बरगड्या. टाकीतल्या पाण्यात बेताचं तेल पडलं की तोच मासा कुशीवर वळतो, कल्ले सावकाश हलवत राहतो, आणि कुठेही न्या, तक्रार करत नाही. तेच अगदी पातळ करून त्या पाण्यात मासे बुडवले तर त्यांच्या अंगावरच्या उवा सुटतात. माणसांना ते दाढदुखीवर चालतं. थोडक्यात, घरातल्या कुणाचंही त्या तेलावाचून चालत नव्हतं, आणि हेच थोरल्याला अलीकडे सोसत नव्हतं.

बाप गेला तेव्हा मागे दोन तळी, एक हंडा आणि एक नियम ठेवून गेला. जो माणूस तेल पाण्यात ओतणार, त्याने आधी एक थेंब आपल्या जिभेवर घ्यायचा. कारण लवंगी बारा महिने सारखी नसते. पावसात पान फुगतं, तेल भरपूर निघतं, पण पातळ. जीभ नुसती चुरचुरते. त्याची दोन झाकणं लागतात. थंडीतल्या तेलाने जीभ हळूहळू जड होते, त्याचं एक झाकण. आणि कडक उन्हात, झुडूप फुलावर आलेलं असताना कापलं, तर तेल निघतं थोडंच, पण त्याचा थेंब टेकला की जीभ आपली राहत नाही. त्याचं अर्धं झाकण, तेही हात सांभाळून. झाकण एकच होतं, कुठल्याशा जुन्या बाटलीचं, लाल. ते भट्टीच्या खांबाला दोरीने बांधलेलं असे. या नियमामुळे तेल ओतायच्या दिवशी घरातले पुरुष बोबडं बोलत आणि त्या दिवशी भांडणं होत नसत.

भांडण झालं ते नियम मोडला म्हणून.

गेल्या पावसाळ्यात जिवंत मासे न्यायला भोंगा आला होता. भोंगा हा ट्रकवाला; रस्ता रिकामा असला तरी हॉर्न वाजवत येई. त्या दिवशी पाऊस असा होता की तोंड उघडलं तर जिभेवर तेलाआधी पाऊसच पडला असता. थोरला घाईत होता. त्याने थेंब घेतला नाही, सवयीने एक झाकण ओतलं. मासे झोपले नाहीत, नुसते जांभया दिल्यासारखे झाले, आणि ट्रकच्या टाकीत चढवताना एकदम शुद्धीवर आले. एकाने शेपटीने भोंग्याच्या थोबाडीत दिली. निम्मे मासे खवले गमावून बसले, ते भोंग्याने घेतले नाहीत. आणि वर म्हणाला, तुमचं तेल केसांना लावा, मासे माझे मी बघतो.

थोरल्याला काहीतरी बोलणं भाग होतं. तो म्हणाला की तेलात पाणी घातलंय, आमच्याच घरातल्या माणसाने.

धाकटा हंडा घासत होता. मान वर न करता म्हणाला, "दादा, तेलात पाणी मिसळत असतं तर मी दिवसदिवस ते वेगळं कशाला करत बसलो असतो?"

भोंगा हसला. धाकट्याचं बोलणं थोरल्याने एक वेळ पोटात घातलं असतं, हसणं घातलं नाही. त्या दिवसापासून भावाभावांचं बोलणं बंद झालं आणि पंपाला बरे दिवस आले. थोरल्याला धाकट्याला काही सांगायचं असलं की तो पंपाशी जाऊन बोले. आज खालून पाणी कमी घे रे, असं पंपाला सांगे. पंप काही ऐकत नसे, भट्टीमागे उभा धाकटा ऐके, आणि हंड्याकडे बघत उत्तर देई. बाकी निरोप बायका पोचवत. तेलाची बाटली धाकटीच्या हातून थोरलीकडे, थोरलीच्या हातून थोरल्याकडे, अशी बदलीवर असलेल्या कारकुनासारखी फिरे.

आणि थोरल्याने जाहीर केलं की त्याच्या तेलाला मी जीभ लावणार नाही. सरसकट दोन झाकणं ओतणार. थंडीत त्याने तसं केलंही. मासे जरा जास्त वेळ झोपले, उठले. त्यावरून तेल पातळच आहे हे सिद्ध झालं, असं त्याचं म्हणणं पडलं. जास्त का झोपले, हे त्याने पंपाला विचारलं नाही.

त्यानंतर उन्हाळा आला तो न सांगता आला आणि जायचं नाव घेईना. वरच्या तळ्याच्या कडेचा चिखल आधी ओला, मग भेगाळ, मग पांढरा झाला. आयाबायांच्या पाठी पाण्याबाहेर दिसू लागल्या. सगळ्यांत मोठी मादी, जिला दोघी जावा सासूबाई म्हणत, ती तर कुशीवर वळल्याशिवाय फिरू शकत नव्हती. नाव थोरलीने ठेवलं होतं. हातातला खाऊ आधी घेते, मग तोंड वाकडं करून निघून जाते, म्हणून. पण रोज संध्याकाळी पहिला घास थोरली सासूबाईंनाच टाकी.

माद्या अंड्यांनी भरल्या होत्या. पाणी आणखी तापलं तर अंडी आतल्या आत मरणार आणि वर्ष कोरडं जाणार, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं. त्यांना खालच्या तळ्यात हलवणं एवढाच उपाय होता. पण खालच्या तळ्याचं पाणीही उतरत होतं, आणि भट्टी त्यातलंच पिऊन, तापवून, निम्मं वाफेला देत होती.

थोरल्याने गालाला फडकं बांधलेल्या अवस्थेत पंपाला निकाल सांगितला. आयाबाया खाली आल्या की भट्टी बंद. हंडा भोंगा मोडीत नेणार आहे, बोलणं झालंय. ज्याला तेल काढायचंय त्याने दुसरीकडे जाऊन काढावं, वाटणीचं काय ते मागून बघू.

गाल सुजल्यामुळे निकाल अर्धाच ऐकू आला, पण जो अर्धा ऐकू आला तो पुरेसा होता. धाकटी त्या दिवशी जेवली नाही. धाकटा जेवला, आणि ताट ठेवून कोयता घेऊन लवंगीत गेला.

ऊन डोक्यावर होतं. लवंगी फुलावर आली होती, जांभळट तुरे, त्यांवर मधमाशांची ही गर्दी. एरवी या दिवसांत कुणी कापत नसे, कारण पानं कमी, तेल त्याहून कमी, आणि माश्या चावतात. धाकट्याने तो सगळा तुकडा कापला. धाकटी मागून भारे बांधत होती. तिच्या मनगटावर दोन माश्या चावल्या, तिथे तिने पानच चोळलं. घाम डोळ्यांत जात होता आणि डोळे पुसायला हाताची एकही बाजू लवंगीवाचून शिल्लक नव्हती. भर दुपारी हंडा लागला. जाळाच्या पुढ्यात धाकट्याचं तोंड तांब्याच्याच रंगाचं झालं.

बरणी भरत आली तेव्हा धाकटी वाकून बघत राहिली. नेहमी तेल पाण्यावर तरंगतं. हे खाली चाललं होतं. पिवळे, जड थेंब पाण्यातून उतरत तळाशी जाऊन बसत होते.

धाकट्याने काडीने एक थेंब जिभेवर घेतला. थोड्या वेळाने त्याला लाळ आवरेना. पण तो हसत होता, आणि तोंडाची एकच बाजू हसत होती.

धाकटी म्हणाली, भाऊजींच्या कानावर घाला. हे अर्ध्या झाकणाचं आहे. अर्ध्याहूनही कमी.

त्याने हातानेच नको केलं. जीभ परत आल्यावर म्हणाला, "मी सांगणार नाही. त्याने जीभ लावावी. लावली की कळेल पाणी कशात आहे ते."

त्याने दृश्य सगळं ठरवून ठेवलं होतं. एवढं मोलाचं काम, दादा थेंब घेतल्याशिवाय ओतणार नाही. मग त्याची जीभ जाईल. भट्टी बंद करणारी ती जीभ सगळ्यांसमोर लुळी पडेल, तो हातवारे करत उभा राहील, आणि आपण काही न बोलता समोर उभं राहू. यापलीकडे धाकट्याला भावाकडून काही नको होतं. तसं ते फार नव्हतं.

धाकटीने तरी बाटली देताना थोरलीला सांगितलं की वहिनी, भाऊजींना म्हणावं, आधी जीभ लावा. थोरलीने ते तसंच पोचवलं. थोरल्याला तो टोमणा वाटला. रात्रभर दाढेने त्याला झोपू दिलं नव्हतं. थोरलीने पहाटे कापूस त्याच तेलात बुडवून दाढेत धरा म्हणून आणला होता, तर वासावरूनच त्याने तो भिरकावून दिला होता. आता बाटली हातात घेऊन तो एवढंच म्हणाला, "जीभ लावायला ते काय मध आहे?"

सकाळी जाळं लागलं. भोंगा हात द्यायला आला होता, म्हणजे हंडा न्यायला आला होता आणि वाट बघताना हात देत होता. मांडीभर चिखलात जाळं ओढताना थोरल्याच्या गालाचं फडकं सुटून गळ्यात आलं. माद्या एकेक करून टाकीत गेल्या. खरं तर दोन-तीन टाक्या करून थोड्या थोड्या न्यायच्या, पण टाक्या भरायला स्वच्छ पाणी कुठून आणणार, म्हणून सगळ्या एकाच टाकीत. सासूबाई शेवटी आल्या आणि जाता जाता थोरलीला चिखलाने माखून गेल्या.

थोरल्याने दुसऱ्या एका बाटलीत कोमट पाणी घेतलं, लाल झाकण खांबाच्या दोरीतून सोडवलं, एक झाकण ओतलं. धाकटा भट्टीत काड्या सारत होता. आदल्या दिवशी कापलेल्यातलं उरलेलं पान हंड्यात होतं, पंप चालू होता. तो थोरल्याच्या तोंडाकडे बघत होता. आता काडी बुडवील, आता जीभ काढील. थोरल्याने दुसरं झाकण ओतलं. धाकट्याच्या तोंडून शब्द निघाला असता तर एकच पुरला असता. तो शब्द दादा हा होता, आणि गेल्या पावसाळ्यापासून तो त्याच्या तोंडात आला नव्हता. तोवर थोरल्याने बाटली हलवून दुधासारखी पांढरी केली आणि टाकीत उलटी केली.

पहिल्यांदा सगळं नीट झालं. माद्या कुशीवर वळल्या. मग पोटं वर आली. मग कल्ले सावकाश झाले, आणखी सावकाश झाले, आणि एकामागून एक थांबले. थोरला टाकीच्या काठाला धरून उभा होता. त्याने एकीला ढोसलं, दुसरीला ढोसलं. पाण्यात हात घालून सासूबाईंचे कल्ले बोटाने उघडले. ते उघडले तसे उघडेच राहिले.

भोंगा पुढे आला. जिवंत मासे वाहणारा माणूस. मेलेले मासे त्याच्याइतके कुणी बघितले नसतील. त्याने एकीच्या डोळ्यावर बोट ठेवून बघितलं, शेपटी चिमटली.

"मेल्यात," तो म्हणाला. आणि नाइलाजाने टोपी काढून हातात घेतली.

धाकटा धावत आला तो टाकीपाशी येऊन थांबला. थोरला त्याच्याकडे बघतही नव्हता. त्याने माद्या उचलून काठावर, ओल्या गोणपाटावर ठेवायला सुरुवात केली. एकेकीला दोन्ही हातांनी उचलत होता, मान सांभाळून, जणू आता त्याचा उपयोग होता. निम्म्या बाहेर काढल्यावर त्याचे हात थांबले. ऊन वाढत होतं. अशा उन्हात मेलेला मासा फार वेळ टिकत नाही, हे तो जाळं धरता येण्याच्या आधीच शिकला होता. तो थोरलीला म्हणाला, कापायला घे. निदान मीठ लावून ठेवू.

थोरली म्हणाली, जरा थांबू या का.

"कशासाठी?" थोरल्याने विचारलं. तिने सुरी उचलली.

तिने सासूबाईंना मांडीशी घेतलं. धाकट्याने तोंड फिरवलं. पोट उघडलं तशी अंडी बाहेर आली, पिवळी, राशीच्या राशी, तिच्या ओंजळीत मावेनात, परातीत, मातीत, तिच्या पायांवर. आत काळीज हलत होतं. मेलेल्या माशाचंही काळीज बराच वेळ हलतं, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिने ते काळीज थांबेपर्यंत सुरी बाजूला धरली, मग पुढचं काम केलं. तिने विचारलं की ही अंडी अशीच पाण्यात सोडली तर. थोरला म्हणाला, अजून कच्ची आहेत.

दुसरी मादी धाकटीने उचलली. तिच्या अंगाला चिखल आणि बुळबुळीत थर होता, सुरी चालली नसती. ती धुवायला तिने भट्टीकडे नेली, जिथे पंपाचं गार पाणी पिंपात पडायच्या आधी नळाला धारेने येत होतं. धारेखाली तोंड धरून ती चिखल काढू लागली. तोंडात पाणी भरून कल्ल्यांतून बाहेर सांडत होतं. तिला वाटलं, आपला हात हलला. तिने हात घट्ट धरला. कल्ला उघडला आणि मिटला. मग बराच वेळ काही नाही. मग उघडला आणि मिटला.

तिने हाक मारली ती ओरडून नाही. फक्त म्हणाली, "वहिनी, सुरी खाली ठेवा."

त्यानंतरचा दुपारपर्यंतचा वेळ सगळ्यांनी पाण्यात काढला. नळ एकच, त्याखाली एका वेळी एकच मादी मावत होती. म्हणून धाकटा एकीला काखेत घेऊन खालच्या तळ्यात उतरला, छातीएवढ्या पाण्यात, आणि तिला तोंडाच्या बाजूने पुढे ढकलत चालू लागला, म्हणजे पाणी आपोआप तोंडात शिरावं. ते बघून थोरला दुसरी घेऊन उतरला. बाळाला चालायला शिकवावं तसे दोघे भाऊ तळ्यात येरझारा घालत होते. एक या काठाहून त्या काठाला, दुसरा त्याच्या उलट, मध्ये एकमेकांना ओलांडत. ओलांडताना दोघेही खाली, हातातल्या माशाकडे बघत. गेल्या पावसाळ्यापासून एकमेकांना पाण्यात पाहिलं, पण पाण्यात एकत्र ते लहानपणानंतर आजच उतरले होते. भोंगा काठावरून मासे आणून देत होता आणि न विचारता सांगत होता की मी मेल्यात म्हटलं खरं, पण मला थोडी शंका होतीच.

एखादी हातात थरथरायची, शेपटी एकदा मारायची, आणि काखेतून निसटून खोलात जायची. एखादी काठापासून काठापर्यंत कितीही फेऱ्या मारल्या तरी काखेत तशीच जड राहायची. कुठलीची आशा सोडून द्यायची हे ठरवणं थोरल्याच्या वाट्याला आलं. तो अशी मादी काठावर ठेवी आणि पुढची मागून घेई. टाकीत राहिलेल्यांतल्या बहुतेक गेल्या. काठावर काढलेल्यांतल्या बऱ्याचशा वाचल्या. म्हणजे मेल्या समजून ज्यांना आधी बाहेर काढलं त्या जगल्या, हे कुणीतरी बोलून दाखवायला हवं होतं. वाचलेल्या यंदा अंडी घालतील की धसक्याने जिरवून टाकतील, हे महिन्याभराने कळणार होतं.

पंप बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं. भट्टी केव्हाच विझली होती, पिंप भरून वाहत होतं, चराने गार पाणी तळ्यात परत येत होतं.

ऊन कलल्यावर थोरला ओल्या कपड्यांनिशी भट्टीपाशी आला. फळीवर तेलाची बाटली होती, तळाशी थोडं तेल उरलेलं. तो काडी शोधत होता, सापडेना. धाकट्याने आपल्या कानामागची काढून दिली. थोरल्याने काडी बुडवली आणि थेंब जिभेवर घेतला.

सगळे बघत होते. त्याच्या चेहऱ्यावर आधी काही दिसलं नाही. मग भुवया वर गेल्या. मग जबडा सैल पडला, सुजलेल्या बाजूचासुद्धा, आणि कित्येक दिवसांनी पहिल्यांदा दाढ ठणकायची थांबली असावी, कारण त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. किंवा त्याचं कारण दुसरं असेल.

भोंग्याने हीच वेळ निवडून विचारलं, की मग हंडा आज चढवायचा की उद्या.

थोरल्याने काहीतरी उत्तर दिलं. त्यातला एकही शब्द कुणाला कळला नाही, पण मान आडवी हलली ती सगळ्यांना कळली. भोंग्याने टोपी घातली आणि रिकामा ट्रक घेऊन, हॉर्न न वाजवता, निघून गेला.

मग थोरला धाकट्याकडे वळला आणि बोलू लागला. पंपाकडे नाही, धाकट्याकडे. बराच वेळ बोलला. जीभ तोंडात कुठल्या कुठे पडत होती, लाळ हनुवटीवरून गळत होती, ती तो मनगटाने पुसत होता आणि पुन्हा बोलत होता. मध्ये एकदा तळ्याकडे हात केला, एकदा बाटलीकडे, एकदा स्वतःच्या छातीकडे. धाकटा ऐकत उभा राहिला. त्याने हेच दृश्य ठरवलं होतं, जसंच्या तसं. भावाची जीभ गेलेली, हातवारे, सगळ्यांसमोर. त्याला ते बघवत नव्हतं.

थोरला थांबल्यावर तो म्हणाला, "हो दादा. मी बघितलं होतं तुला दुसरं झाकण ओतताना."

थोरल्याने मान हलवली. त्याला ऐकू येत होतं, बोलता येत नव्हतं. धाकट्याने लाल झाकण धुतलं आणि दोरीने खांबाला बांधलं.

आत जाताना धाकटीने नवऱ्याला विचारलं, भाऊजी काय म्हणाले. तो म्हणाला, एक अक्षर कळलं नाही. ती म्हणाली, उद्या जीभ परत आली की पुन्हा म्हणायला लावा. दुसऱ्या दिवशी थोरल्याची जीभ परत आली. तो पुन्हा म्हणाला नाही, आणि कुणी म्हणायला लावलं नाही. पण त्याने पंपाशी बोलणं सोडलं. खालच्या तळ्यावर सावलीसाठी झापडं बांधायची, भट्टी एक दिवसाआड पेटवायची, असं धाकट्यालाच तोंडावर सांगितलं, तेही खेकसून. धाकट्याला बरं वाटलं.

या सगळ्यात थोरलीला कुणी काही विचारलं नव्हतं. तिने परात घासली, सुरीला धार लावली, मातीतली अंडी मुंग्यांनी नेईपर्यंत त्या वाटेने जायचं टाळलं.

काही दिवसांनी वरच्या तळ्याच्या उरल्यासुरल्या चिखलात एक लहान मासा मिळाला, वीतभर. उन्हाने मेलेला, ताठ, शेपटी वर वळलेली. थोरल्याने तो दुपारच्या जेवणाला आणून दिला. सगळे हातपाय धुऊन बसले. ताटं मांडून झाली. मासा काही येईना, म्हणून धाकटी बघायला उठली आणि दारातच थांबली.

थोरली भट्टीजवळच्या नळाशी ओणवी होती. पंप तिनेच चालू केला होता. मासा धारेखाली धरला होता, तोंड पाण्याकडे, एक बोट कल्ल्याखाली. पाणी तोंडातून शिरत होतं आणि कल्ल्यातून सांडत होतं. सुरी शेजारच्या फळीवर ठेवलेली होती.

धाकटी परत येऊन बसली. थोरल्याने तिच्याकडे बघितलं, मग दाराकडे. बाहेर पंपाचा आवाज येत होता. एरवी जेवणाला उशीर झाला की तो ताटावर वाटी आपटायचा.

त्याने वाटी उचलली, आणि आवाज न करता खाली ठेवली. सगळे थांबले.